रफूच्या टेबलावरचा दिवा

रफूवालीनं भरलेलं भोक तिचं तिलाही पुन्हा सापडत नसे. बावीस वर्षं तिनं हेच काम केलं. त्यातली पहिली अठरा कापडाच्या एका मोठ्या दुकानात, मागच्या खोलीत. मग दुकानभर एलईडी दिवे लागले आणि त्यांच्याखाली अर्धा तास बसलं की तिचं कपाळ ठणकू लागलं, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. काहींना हा उजेड सोसत नाही, तुम्ही जुन्या तारेच्या बल्बखालीच बसा, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. मालकांना ते पटलं नाही. बाईंना आता राजवाड्यातली झुंबरं हवीत, असं ते गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही, घरीच कामं घेऊ लागली.

घरातही हे नखरेच ठरले. तिची बाजू घेतली ती एकट्या धाकट्या भावानं. तो वरच्या मजल्यावर राहायचा आणि त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. "ताई, मी आहे तोवर तुला बल्ब कमी पडणार नाही," असं त्यानं सांगितलं आणि ते पाळलंही. टेबलाच्या वर, भिंतीवर, दुधी काचेचा गोळा होता. बल्ब गेला की स्क्रू सैल करून भाऊच नवा बसवायचा. तिनं त्या गोळ्यात कधी डोकावूनही पाहिलं नव्हतं. पाहायचं कशाला?

गेल्या महिन्यात बल्ब गेला, त्यानं बदलला. उजेड तसाच पिवळा. पण तिसऱ्या दिवशी कपाळ ठणकलं आणि तिला धडकी भरली. हाही दिवा सोसेनासा झाला, तर सुई कायमची खाली ठेवावी लागणार. भावाला सांगावं असं दहादा मनात आलं. पण त्यानं एवढं केलं, आणखी त्याच्या जिवाला घोर कशाला, म्हणून ती गोळी घेऊन गप्प राहिली.

तीन आठवड्यांनी शिंपी एक राखाडी कोट परत घेऊन आला. एरवी ती कापडाच्या आतल्या दुमडीतूनच धागे काढायची. या कोटाला दुमड नव्हती, म्हणून तिनं दिव्याखाली रंग जुळवून रीळ निवडलं होतं. शिंप्यानं कोट खिडकीत धरला. राखाडी कापडावर हिरवट डाग. रफू उघडं पडलं होतं, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तो गेल्यावर तिनं दिवा लावून तेच रीळ कोटावर धरलं. रंग तंतोतंत जुळत होता. काचेवर धूळ बसून उजेड बदलला असेल म्हणून तासाभरानं ती जळत्या दिव्याचा गोळा पुसायला गेली. तापलेल्या काचेसाठी फडकं दुहेरी केलं, तरी ते सरकलं आणि तळवा टेकला.

काच थंडगार होती.

कात्रीच्या टोकानं तिनं स्क्रू काढले. आत पिवळा एलईडी होता.

भाऊ दुकानातून आला, टेबलावर ठेवलेला बल्ब त्यानं पाहिला आणि खुर्चीच्या कडेला टेकला. घरात सगळेच म्हणत होते, म्हणून एकदा खात्री करावी म्हटलं, असं काहीसं तो सांगू लागला. "तीन आठवडे तू चकार शब्द काढला नाहीस, ताई. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

जिन्यात उभी असलेली भावजय त्याच्या मदतीला आली. "मी तर यांना कधीची म्हणतेय, आता ताईंना सांगून टाका."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. ती कपाळ दाबत सुई ओवत होती आणि सगळं घर तिच्यावर नजर ठेवून होतं.

"तुला घोर नको म्हणून मी गप्प होते," ती भावाला म्हणाली. "आणि तू माझे गप्प बसलेले दिवस मोजत होतास."

संध्याकाळी त्यानं तारेचे चार बल्ब आणले. दुकानाच्या फळीवर ते होतेच. त्यानं स्क्रूला हात घातला, तेव्हा तिनं त्याच्या हातातून बल्ब काढून घेतला आणि स्वतः बसवला. कोटाचं रफू उसवून दुसऱ्या दिवशी खिडकीत बसून तिनं पुन्हा भरलं. शिंप्याला ते शोधूनही सापडलं नाही.

हल्ली ती सकाळी दिवा लावते आणि जरा थांबते. मग काचेला तळवा लावते, चटका बसेपर्यंत. बल्ब तिनंच बसवलेला असतो, तरीही. भाऊ त्याच वेळी दुकानात जायला जिना उतरतो, आणि हात काचेवरून निघेपर्यंत ती त्याच्याकडे बघत नाही.