अखंड मनोगत

“ताई, फवारताना काय काळजी घ्याची, ते कुठी हाय याच्यात?” कमलताईंनी विचारलं.

कमलताई आमच्या यवतमाळच्या प्रेसमध्ये छापील कागदांना घड्या घालतात, मी तिथं कॉम्प्युटरवर बसते. त्यांच्या हातात बोंडअळीच्या माहितीपत्रकाचं प्रूफ होतं. एक कागद, मधोमध घडी, चार पानं. दुसऱ्या दिवशी आर्णीच्या शेतकरी मेळाव्यात वाटायचं होतं. त्या हंगामात कपाशी डोक्याइतकी उंच वाढली होती आणि फवारणारी माणसं विषबाधा होऊन दवाखान्यात भरती होत होती. कमलताईंचे यजमान रोजानं फवारायला जायचे.

मी शोधलं. अळीचं चित्र होतं, औषधाचं प्रमाण होतं. काळजीचा पॅराग्राफ नव्हता. मी इंग्रजी शाळेतली, मराठी सावकाश वाचते, म्हणून पुन्हा वाचलं. नव्हताच.

“टाइप करालेच भुलल्या असान मॅडम,” प्रेसचे मालक भाऊ म्हणाले.

मी टाइप केला होता. फाइल उघडली, तर शेवटच्या चौकटीच्या कोपऱ्यात बारीक लाल अधिकचं चिन्ह. याला ओव्हरसेट म्हणतात. मजकूर फाइलमध्ये असतो, पण पानावर जागा नसल्यामुळे दिसत नाही आणि छापलाही जात नाही.

जागा तर होती. प्रत्येक पानाखाली रिकामी पट्टी होती. भाऊंना ती डिझाइन वाटली होती.

कारण पॅराग्राफ स्टाइलमध्ये सापडलं. स्टाइल म्हणजे मजकुराला एकदाच घालून दिलेले नियम. भाऊंनी पत्रकाची फाइल एका लग्नपत्रिकेवरून बनवली होती आणि तिच्यातली स्टाइल तशीच आली होती. नाव ‘काका-मामा’. पत्रिकेत अर्धे काका या पानावर आणि अर्धे घडीपलीकडे गेले, की भांडण प्रेसवर येतं. म्हणून तिच्यात ‘कीप लाइन्स टुगेदर’ला टिक होती. असा पॅराग्राफ तुटत नाही. मावला नाही तर सगळाच्या सगळा पुढच्या पानावर उडी मारतो. काळजीचा पॅराग्राफ सगळ्यात लांब आणि शेवटचा. त्याला उडी मारायला पाचवं पान नव्हतं.

मी टिक काढली. मजकूर वर सरकला, पट्ट्या भरल्या, काळजी चौथ्या पानावर उतरली.

तेवढ्यात साहेब आले. पत्रक त्यांच्याच कृषी कार्यालयाचं. त्यांचं मनोगत आता पहिल्या पानावर त्यांच्या फोटोखाली सुरू होत होतं आणि ‘आमचे कार्यालय सदैव आपल्या’ इथं पान संपत होतं. ‘पाठीशी आहे’ हे कागदाच्या पाठीशी गेलं होतं.

“मनोगत तुटलं हो,” साहेब म्हणाले. “ते अखंड पाहिजे. काळजीचं थोडं कमी करा. शेतकऱ्यांना माहीत असतं ते.”

“करून देतो साहेब,” भाऊ म्हणाले.

कमलताईंचा हात घडीवर थांबला.

मी क्लायंटशी सहसा बोलत नाही. “सर, काळजी पहिल्या पानावर घेऊ? तुमच्या फोटोखाली. तुम्हीच सांगताय असं वाटेल. मनोगत शेवटी, अखंड.”

“वाटेल ना तसं?”

“वाटेल सर.”

मनोगताला मी पुन्हा ‘काका-मामा’ लावली. चार पानांत सगळं बसलं. साहेबांनी स्क्रीनकडे निरखून पाहिलं.

“फोटो जरा मोठा करा.”

“सर, मग मनोगताच्या दोन ओळी…”

“एक ओळसुद्धा तोडायची नाही.”

“नाही तोडत सर.”

फोटो मोठा केला. काळजी वाटेत तुटली आणि निमूट दुसऱ्या पानावर सुरू राहिली. बाकीचं खाली सरकलं. मनोगतानं अख्खी उडी मारली. कोपऱ्यात लाल चिन्ह उगवलं.

प्रिंट काढली. साहेबांनी पहिलं पान हातभर लांब धरून पाहिलं आणि त्यावरच सही केली.

“मनोगत अखंड आहे ना?”

“हो सर. कुठंही तुटलेलं नाही.”

ते गेल्यावर भाऊंनी कागद उलटला. “मॅडम, साहेबाचं मनोगत कुठी गेलं?”

“काका-मामात आहे भाऊ.”

“अन् उद्या फोन आला म्हणजे?”

“अखंड आहे म्हणा.”

भाऊंनी सहीकडे पाहिलं, मग चष्मा खिशात घातला. “लावा मशीनवर. मले काही दिसलं नाही.”

कमलताईंनी पहिल्या घडीचं पत्रक पिशवीत ठेवलं. “आज रात्री घरी वाचून दाखवतो त्याहिले,” म्हणाल्या.

मेळाव्यानंतर साहेबांचा फोन आला. फोटो छान आला, म्हणाले. मनोगताचं विचारलं नाही. नंतरही कुणी विचारलं नाही.

पॅराग्राफ तुटायला तयार असला, तर पानावर राहतो. मनोगत अजून त्या फाइलमध्ये लाल चिन्हामागं आहे. अखंड.