होडीतली माझी जागा

आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी मला फसवलं. प्रवाळ दाखवतो म्हणून कच्छच्या आखातापर्यंत नेलं आणि ऐन वेळी किनाऱ्यावर सामान राखत बसवलं.

मी लोधिवलीचा. त्या सहलीसाठी उन्हाळाभर हायवेवर ट्रकवाल्यांना करवंदं विकली होती. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला पाणी हटलं की तिच्यात फिरता येतं, असं सरांनी वर्गात सांगितलं होतं. मला ते पटत नव्हतं. हात लावून बघायचं होतं.

होडी ठरवायला सरांनी मलाच पुढे केलं. नावाडी लहान होडी देत होता आणि लवकर परतायचं म्हणत होता. मी दोनदा उठून चालू लागलो, दोन्ही वेळा त्यानं परत बोलावलं. शेवटी मोठी होडी आणि पाणी वळेपर्यंत मुक्काम, असं ठरलं.

"तू समुद्रालापण थांबवशील रं," शेलूचा माझा वर्गमित्र म्हणाला.

आमच्याकडे गाडी ठरवणारा माणूस ड्रायव्हरशेजारी बसतो. ती जागा त्याला मागावी लागत नाही. म्हणून मी निवांत होतो. गुडघाभर पाण्यात होडी धरून एकेकाला वर चढवत होतो. सरांबरोबर त्यांची बायको आणि मेहुणा फिरायला आले होते. त्यांनाही मीच हात दिला. मेहुणा जेवणाचे डबे घेऊन नावाड्याशेजारी बसला.

"जागा संपली," सर म्हणाले. "तू डोंगराकडचा, उगीच बुडशील. सामानापाशी थांब."

"सर, मी पाताळगंगेत पोहत वाढलोय. आणि होडी मी ठरवलीय."

"वाद नको. ओहोटी निघून जाईल."

मित्र उठायला लागला. "माज्या जागी ये रं." सरांनी त्याला दटावून खाली बसवलं.

संध्याकाळी सगळे ओलेचिंब परतले. मित्र सांगत होता, "हिरवं, जांभळं, मधे पिवळं. बोट नेलं की अंग आत ओढून घेतं." मेहुण्याला बूट भिजल्याचं दुःख होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही परतीच्या गाडीत.

तोंडी परीक्षेला सरांनीच विचारलं, "प्रवाळ प्रत्यक्षात कसं दिसलं?"

"तुमच्या मेहुण्यांना विचारा," मी म्हटलं.

त्या विषयात मी नापास झालो. कॉलेज सोडलं, धंद्यात पडलो, चौकला स्वतःचे टेंपो उभे केले. प्रवाळ अजून बघितलेलं नाही.

परवा सर आले. त्यांनी मला ओळखलं नाही. पळसदरीला घर बांधलंय, सामान हलवायचं होतं. घासाघीस बरी करतात. सौदा ठरला, आणि ते ड्रायव्हरशेजारी चढायला लागले. मी दारावर हात ठेवला.

"ही जागा तुमचीच, सर. होडीतली माझी होती. ती मेहुण्याला का दिलीत, तेवढं सांगा. मग गाडी सुरू होईल."