अर्धा राहिलेला वेढा आणि जॉर्जियातलं एफेसस

तुर्कस्तानची तिकिटं कॅन्सल केली ती बाबांच्या गुडघ्यापायी. अमेरिकेतल्या माझ्या घरून, अल्फारेटाहून, भारतात परतताना ते एफेसस, स्मर्ना, अँटिऑक बघणार होते. हायस्कूलात तीस वर्षं इतिहास शिकवला, पण यातलं एकही शहर पाहिलं नाही. शिवाय एक सल वेगळीच. आठवीच्या चोवीस पोरांना धर्मयुद्धातला अँटिऑकचा वेढा अर्धा शिकवून झाला आणि लॉकडाऊन लागला; शाळा उघडायच्या आत बाबा रिटायर. "पोरांना वाटत असेल, वेशीचं दार उघडलं आणि संपलं! धडा अर्धा सोडलाय मी," हे पालुपद आम्हाला पाठ आहे.

मग मीच मॅप उघडला. अहो, आमच्या या अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातच स्मर्ना आहे, एफेससही आहे! "नकली माल," बाबा म्हणाले. पण रविवारी सकाळी माझ्याआधी बूट घालून तयार.

स्मर्ना पाऊण तासावर. कॉफी प्या, फेरी मारा, प्राचीन काही शोधू नका. पुढे आय-ट्वेंटी हायवेने पश्चिमेला, मग कॅरोल्टन गावावरून खाली. टाकी आधीच फुल करा आणि डबा न्याच. आम्ही बटाटेवडे नेले होते. शेवटी कुरणं, गाई आणि जरा पुढे गेलं की चर्च.

एफेसस म्हणजे एक चौक, त्यात रविवार, म्हणून सगळं बंद. चर्चच्या अंगणात मात्र पंगत बसलेली. आम्ही पाटीचा फोटो काढतोय तोच लॉरेटा नावाच्या आजी धावत आल्या. जेवल्याशिवाय सोडणार नाहीत म्हणे! रिकाम्या हाताने कसं बसायचं, म्हणून मी वडे मांडले. पाच मिनिटांत फस्त.

"गावाचं नाव बायबलमधलं, एवढंच ठाऊक," आजी म्हणाल्या. "खरं शहर कसं होतं हो?"

झालं! बाबा उठले, मी दुभाषी. एफेससचं बंदर गाळाने बुजलं, समुद्र दूर गेला, तिथून गाडी अँटिऑकवर आलीच. मक्याच्या पावाची तटबंदी, बाहेर कोंबडीच्या तंगड्या म्हणजे वेढा घालून बसलेले धर्मयोद्धे. "सात-आठ महिने! मग बुरुजावरचा पहारेकरी फितूर झाला आणि शहर पडलं."

इथे बाबा थांबले. धडा इथेच तुटला होता.

"आणि मग?" आजींनी विचारलं.

"मग," बाबांनी उकडलेली अंडी भोवती मांडली, "दोन-चार दिवसांत बाहेरून दुसरी फौज आली. वेढा घालणारेच वेढ्यात! आत धान्य नाही, कारण यांनीच शहर उपाशी ठेवलेलं. शेवटी उपाशीपोटी बाहेर पडून लढले, तेव्हा सुटले. शहर घेणं सोपं, राखणं अवघड."

टाळ्या काय पडल्या म्हणून सांगू!

गाडीत बसल्यावर बाबांनी विचारलं, "रेकॉर्ड केलंस ना?"

"बाबा, मी ऐकतच राहिले!"

"गाढव आहेस." पण हसत होते.

संध्याकाळी घरी पोळीचे तुकडे रचून तोच वेढा पुन्हा घातला. या वेळी मी रेकॉर्ड केलं आणि बाबांच्या फोनवरून त्या आठवीच्या बॅचच्या जुन्या ग्रुपवर टाकलं. खर्च एक टाकी पेट्रोल. तुर्कस्तान राहिलं ते राहिलंच, पण इतके खूश बाबा मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

भारतात सकाळ होत होती. फोन वाजला: "हजर, सर." लगेच दुसरा: "हजर, सर." मग तिसरा.

मी पानं घेतली. बाबा चष्मा पुसत म्हणाले, "थांब जरा. अजून एकवीस यायचेत."