अकरा भोकं

कोणाच्याही घरी गेले की गोडबोलेकाका आधी टेबलावर टकटक करून बघायचे. “सागवान नाही,” असा निकाल द्यायचे, आणि मगच चहाला हात लावायचे. अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या आम्हा तरुण मराठी मंडळींची त्यावर फुकट करमणूक व्हायची.

काका मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. बेसमेंटमध्ये सात वर्षं खपून त्यांनी एका शिडाच्या युद्धनौकेचं मॉडेल बनवलं होतं. मूळ नौका दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत आपल्या सुतारांनी सागवानात घडवलेली, पण इंग्रजांच्या आरमारातली. तिची अख्खी नोकरी काकांना तोंडपाठ. फ्रेंचांशी तीन लढाया, एक वादळ, म्हातारपणी कैद्यांचा तुरुंग, शेवटी भंगार. मॉडेलच्या अंगावर अकरा भोकं होती. “जिथे गोळा लागला, तिथेच ड्रिल केलंय,” काका सांगत.

“हे सगळं लिहून ठेवा ना, काका.”

“लिहिलंय की,” ते भोकांवरून बोट फिरवत म्हणत. मग एकेका भोकाची हकीकत सुरू व्हायची, आणि मी हो हो करत घड्याळ बघायचो.

२००६च्या गणपतीत मंडळाची आरास माझ्याकडे होती, विषय आरमार. कोणाला हातही लावू न देणाऱ्या काकांनी नौका मला दिली. “बाप्पासाठी देतोय. जप.”

हॉलच्या दिव्यांत ती काळपट दिसत होती आणि ती भोकं तर फारच वाईट. मी पुट्टीने बुजवली, वर सोनेरी स्प्रे मारला. “यार, काय शाइन करतेय!” कमिटी खूश. मी तर जास्तच.

आरतीला काका आले. गणपतीला नमस्कार करायचंही विसरले. नौकेवर एकदा टकटक केली आणि प्रसाद न घेता निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी नौका घेऊन गेलो, तर दारातच म्हणाले, “तिची सगळी नोकरी पुसलीस. ठेव तुझ्याकडेच.”

“भोकं कुठे कुठे होती सांगा, काका. मी परत पाडतो.”

“सांगितलं होतं तुला,” ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत. दोन वर्षांनी गेले.

रंग खरवडून मी आजवर चार भोकं मोकळी केली आहेत. माझी मुलगी त्यांत बोट घालून विचारते, “बाबा, व्हॉट हॅपन्ड हिअर?”

मला एकाचंही सांगता येत नाही. काका सांगत होते, तेव्हा मी घड्याळ बघत होतो.