म्हंजे काय, ते मोठ्यानं सांगा

माझ्या वर्गात इंग्रजीच्या तासाला मराठी चालते. घ्या लिहून! मागं एक साहेब भोकरकडच्या आमच्या शाळेत तपासणीला आले होते, त्यांनी तर शेरेबुकात लिहिलंच आहे, इंग्रजीच्या तासाला मराठीचा अतिवापर. मी त्याखाली मुकाट सही केली, साहेबांना चहा पाजला, आणि त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली तशी पोरांना म्हटलं, चला, पुढचं वाक्य. म्हंजे काय, ते मोठ्यानं सांगा. हा हट्ट माझा आजचा नाही. तो अकरावीत, लातूरला, अब्बांच्या समोर पक्का झाला.

आम्ही निलंग्याचे. अब्बांचं टेलरिंगचं दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. घरात आमची दखनी उर्दू. दुकानात गिऱ्हाईक बघून मराठी नाहीतर कानडी, कारण हद्दीपलीकडच्या बाया ब्लाऊज शिवायला अब्बांकडेच यायच्या. 'बर्री, कूड्री', या, बसा म्हणत मी त्यांच्यापुढं स्टूल सरकवायची, तेव्हा मी असेन सात वर्षांची. शाळा मराठी. म्हणजे इंग्रजी आली तेव्हा माझ्याकडं तीन भाषा आधीच होत्या. चौथीचं मला काहीच भ्या वाटलं नाही. ते नंतर लोकांनी घातलं.

आमच्या शाळेत इंग्रजीची एक रीत होती. सर एक वाक्य वाचायचे आणि थांबायचे. की साठ पोरं एका सुरात 'म्हंजे' करून त्याचा अर्थ मराठीत सांगायची. अर्थ जमला तरच सर पुढं जायचे, नाहीतर तेच वाक्य परत. कधीकधी अख्ख्या तासाला चार वाक्यं व्हायची. पण ती चार वाक्यं माझी असायची. घरी येऊन मी तीच अम्मीला दखनीत सांगायची आणि अम्मी भाकरी थापता थापता विचारायची, "हौ, फिर क्या हुआ?"

दहावीला चांगले मार्क पडले आणि सगळी गल्ली अब्बांच्या मागं लागली, पोरीला लातूरला सायन्सला घाला. अब्बांचं मन होत नव्हतं. शेवटी तयार झाले, पण एक अट घालून. "जमा तो ठीक, नै तो वापस." वापस म्हणजे दुकानातलं दुसरं मशीन. ते माझ्यासाठी पुसून ठेवलेलं मला दिसत होतं.

पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या सरांनी मला धडा वाचायला उभं केलं. मी पहिलं वाक्य वाचलं आणि थांबले. वाट बघत राहिले. वर्ग गप्प. मला वाटलं, लातूरची पोरं लाजून राहिलीत. म्हणून मीच खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "म्हंजे, त्या म्हाताऱ्यानं आयुष्यभर एकच झाड सांभाळलं." अगं बाई! काय तो हशा! पोरं बाकं बडवायला लागली. सर म्हणाले, "ही काय खेड्यातली शाळा आहे का? इथं इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतच सांगायचा." त्या दिवसापासून सगळ्या कॉलेजात माझं नाव 'म्हंजे' पडलं. मेसच्या रांगेतसुद्धा पोरी मला चिडवायच्या, ए म्हंजे, वरण सरकव की इकडं.

रडले का? रडले की. तीन दिवस रडले. मग मात्र डोकंच फिरलं. कारण हसणारी ही पोरं फिजिक्सच्या व्याख्या धडाधडा म्हणायची, आणि म्हणजे काय रे, असं विचारलं की वर पंख्याकडं बघायची. मी होस्टेलच्या गच्चीवर पुस्तक घेऊन बसायची. एक वाक्य वाचायची, थांबायची, स्वतःलाच मोठ्यानं अर्थ सांगायची आणि मगच पुढं जायची. शेजारच्या बिल्डिंगीतली बाई मला वेडी समजायची. पहिल्या चाचणीत मात्र दणका बसला. प्रत्येक प्रश्न तसाच थांबत थांबत वाचला, वेळ पुरला नाही, निम्मा पेपर कोरा राहिला.

इंग्रजीच्या सरांनीच अब्बांना फोन केला. मुलीला झेपत नाही, घेऊन जा, तिकडंच आर्ट्सला घाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अब्बा आले. हातात निळ्या नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं होतं, माझी वळकटी बांधायला आणलेलं. विचारायची सोयच नव्हती, त्यांनी ठरवूनच आणलं होतं.

आम्ही स्टाफरूममध्ये गेलो तेव्हा सर शिपायाला मराठीत चहा सांगत होते. हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं. त्यांनी अब्बांना खुर्ची दिली, माणूस वाईट नव्हता. "तुमच्यासमोरच दाखवतो," म्हणाले, आणि टेबलावरचं बायोलॉजीचं पुस्तक मधेच उघडून माझ्यापुढं केलं. "वाच. आणि इंग्रजीत समजावून सांग."

हृदयाचा धडा होता. मी वाचलं, "द व्हॉल्व्ह अलाउज ब्लड टू फ्लो ओन्ली इन वन डायरेक्शन." आणि थांबले. सर वाट बघत होते. इंग्रजीत सांगायला तोंडात शब्द येईनात. म्हटलं, गेलं खड्ड्यात! जायचंच असेल तर आपल्या रीतीनं जाऊ. मी मान वळवली ती अब्बांकडं.

"अब्बा, मतलब दिल में छोटे छोटे दरवाजे रहते. खून को आगे जाने देते, पीछे नै आने देते."

"इंग्लिश!" सर म्हणाले.

अब्बा पुढं सरकून बसले. "सायकल के टूब में रहता, वैसा?"

"हौ, वैसाच."

"और वो खराब हुआ तो?"

पुढच्याच परिच्छेदात ते होतं. मी एक वाक्य वाचलं, त्याचा अर्थ सांगितला. दुसरं वाचलं, त्याचा सांगितला. रक्त मागं फिरतं, दम लागतो, आडवं झालं की जीव घाबरतो, पाय सुजतात.

अब्बा हळूच म्हणाले, "अम्मी कू यहीच था?"

त्यांची अम्मी म्हणजे माझी दादी. मी सहावीत असताना ती गेली. दोन वर्षं अब्बा तिला डॉक्टरकडं नेत होते. फाईलभर इंग्रजी कागद होते, आणि दरवेळी एकच उत्तर, व्हॉल्व्ह खराब आहे, गोळ्या चालू ठेवा. म्हणजे काय, हे विचारायची अब्बांची कधी छाती झाली नाही. आपण तिला दिवसभर दुकानात बसवून काज-बटणं करायला लावली, म्हणून तिचे पाय सुजले, असंच ते धरून बसले होते.

"हौ अब्बा. यहीच था."

"मतलब दुकान में बिठाया, उससे नै?"

"नै अब्बा. उससे नै."

त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

"अहो, पण मी इंग्रजीत सांगायला सांगितलं होतं," सर म्हणाले. आवाज आता मघासारखा नव्हता.

अब्बा उठून उभे राहिले. "सर, मी टेलर माणूस, मला लई कळत न्हाई. पर माझी आई कशानं गेली, ते मला आजवर कुणी सांगितलं न्हाई. ह्या पोरीनं आता तुमच्या पुस्तकातून काढून सांगितलं. आन् तुम्ही म्हणता, हिला समजत न्हाई? बोलता येत न्हाई, तर बोलायला शिकवा की! तुमचं कामच हाय ते."

माझे अब्बा! गिऱ्हाईकानं चूक नसताना ब्लाऊज तोंडावर फेकला तरी मान खाली घालणारे. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. सरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "सहामाहीपर्यंत बघू." तोवर माझं 'म्हंजे' मनातल्या मनात झटक्यात व्हायला लागलं होतं, सहामाहीला मी पेपर पुरा लिहिला. बारावीनंतर मार्क हातात असून सायन्स सोडलं आणि मुद्दाम इंग्रजी घेतलं. मला आता इंग्रजीत इंग्रजीचा अर्थ सांगता येतो, साहेबांनाही सांगता येईल. पण माझ्या पोरांच्या घरी फाईलभर कागद पडून असतात, आणि ते आईबापाला वाचून सांगायचे असतात त्यांच्या बोलीत. म्हणून माझ्या वर्गात 'म्हंजे' राहणार. पुढच्या तपासणीलाही राहणार.

त्या दिवशी मी अब्बांना सोडायला स्टँडवर गेले. निलंग्याची गाडी लागली, ते चढले, खिडकीची जागा धरून बसले. मग काय मनात आलं, तर रुमाल जागेवर टाकून परत खाली उतरले. दोरीचं भेंडोळं माझ्या हातात दिलं.

"रख ले बेटा," म्हणाले. "कपडे सुखाने कू."