गादीवर न बसलेला राजपुत्र

साहेबराव दौंड स्टेशनात रूळ बदलणारा सांधेवाला होता. वडगाव रासाईच्या जत्रेतल्या नाटकासाठी मात्र तो दरवर्षी रजा काढून गावी यायचा. एरवी त्याच्या वाट्याला भालदाराचं काम असे. त्र्याहत्तर साली थोरल्या राजपुत्राचं काम करणारा गडी टायफॉइडनं आजारी पडला, आणि नाटक लिहिणाऱ्या हौसराव आबांनी ते काम साहेबरावाला दिलं. त्याचा आवाज इंजिनाच्या वर चढायचा.

तालमीसाठी रोज ड्यूटी सुटली की तो गाडीनं केडगावला उतरे, तिथून सायकलीनं नदीवर आणि नावेनं पलीकडं. आठवड्यात नाटक पाठ झालं. शेवटचं पान तेवढं राहिलं.

नाटकातला थोरला राजपुत्र परमुलखात दुसरा धर्म घेतो. बाप वारल्यावर फौज घेऊन परततो, धाकट्याशी गादीसाठी भांडतो. दरबार दुभंगतो. शेवटी तो पुरोहिताच्या पाया पडून जुन्या धर्मात येतो, तेव्हा त्याला गादी मिळते.

साहेबराव आबांच्या मळ्यात गेला. आबा पिकाला पाणी देत दारं धरत होते.

"आबा, शेवटचं तेवढं तोंडातनं निघत न्हाई."

"का रं? दोन वळी तर हायत."

"राजपुत्र म्हनतो, धर्म बदलला ही चूक झाली. छप्पन्न सालानंतर माजा बा बौद्ध झाला, मीबी झालो. बा मरताना म्हनला, हातनं येवढंच चांगलं झालं. मी चूक कसं म्हनू?"

आबा बांधावर बसले. त्यांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

"मग गादी कशी मिळंल त्याला?"

"थोरला हाय, हक्क हाय. तशीच द्या की."

"गाव ऐकायचं न्हाई, सायबा."

"मग ऱ्हाऊ द्या. त्यो निघून जाईल."

आबांनी शेवट बदलला. जत्रेच्या रात्री राजपुत्रानं तलवार गादीपाशी ठेवली, धाकट्याला मिठी मारली आणि तो वळला. तेवढ्यात पुढं बसलेली म्हातारी कस्तुराबाई ओरडली, "आरं, थोरला हायेस, बस की!" लोक हसले. काहींनी टाळ्या वाजवल्या, काही उठून गेले. साहेबराव क्षणभर थांबला. मग विंगेत गेला.

तिथं आबा उभे होते. "बसला असतास तर म्या आडवलं नसतं," ते म्हणाले.

"आधी सांगायचं की, आबा."

पुढं चार वर्षं त्यानं तेच काम केलं. गाव कुरकुरत बघत राहिलं. शेवट तोच राहिला. अठ्ठ्याहत्तरला त्याची बदली झाली. निघताना बायको, रंभा, म्हणाली, "तेवढी नाटकातली दाढी परत देऊन या. डिंकानं समदी गालफाडं सोलली तुमची."