दाजींनी मेंढीला चारलेले मणी

माझ्या बहिणीच्या, सोनाच्या नवऱ्याइतका हट्टी माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात झाला नाही. आंबेगावात झाला असेल तर तो मीच, म्हणून त्यांच्याविषयी लिहायचा हक्कही माझाच. दाजींना एकच वेड, आत गेलेली वस्तू बाहेर कधी येते. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी चिंचोके गिळले आणि वऱ्हाड परत निघालं तरी "अजून न्हाई आलं" असं व्याह्यांना सांगत हिंडले.

त्या साली सुगी झाल्यावर दाजींनी खतासाठी वावरात धनगराची मेंढरं बसवली, त्यांना आपला कडबा चारला. मग मनात आलं, कडबा आपला, पण उद्या कळप बांधापलीकडं चुलतभावाच्या वावरात बसणार. लेंड्या कुणाच्या वावरात पडणार? चुलतभावाशी तर बोलणं बंद.

मला यातलं काही ठाऊक नाही. बाजारात एका बाईनं तोंडाला पदर लावून सांगितलं, "तुझ्या सोनाचा गळा मोकळा हाय रं." हातातली मिठाची पुडी तिथंच सुटली. दाजी गेले आणि मला निरोप नाही! रडत-धडपडत पोचलो, तर दाजी धडधाकट, एका मेंढीच्या मागं उकिडवे बसलेले.

"पावणं, सावली पाडू नगा," एवढंच म्हणाले.

आपला चारा ओळखू यावा म्हणून त्यांनी सोनाच्या गळ्यातल्या मंगळसूत्राच्या पोतीतले काळे मणी भाकरीच्या गोळ्यातून त्या मेंढीला चारले होते! कुंकवाचा धनी समोर आणि गळ्यातलं मेंढीच्या पोटात!

"सोने, उचल गाठोडं. ह्या येड्याच्या घरी पाणीसुदीक प्यायचं न्हाई."

"दादा, पोत मीच तोडून दिली," काडीनं लेंडी फोडत सोना म्हणाली. "मलाबी बघायचंय."

"आन् लोक काय म्हणत्याल?"

"लोकांनी चारा घातलाय व्हय?"

तिला घेतल्याशिवाय हलायचं नाही म्हणून मी ओट्यावर ठाण मांडलं. मणी काही येईनात. दुसऱ्या दिवशी कळप पलीकडं गेला आणि दाजी बांधावर अडले. पुढं जायचं तर चुलतभावाला हाक मारावी लागणार, ती तोंडातून निघेना. सोनाचा चेहरा उतरला. माझ्याबरोबर निघते की काय असं वाटलं, तेवढ्यात चुलतभाऊच पांढराफटक होऊन धावत आला. तळहातावर काळे मणी.

"आरं, लेंडीत मणी! माझ्यावर करणी केलीस का काय?"

"करणी कसली? माझा कडबा तुझ्या वावरात पडला त्यो!"

चुलतभावानं डोकं खाजवलं. "आन् तुझ्याकडं यायच्या आदी मेंढरं माझा पाला खाऊन आल्याली. त्यो कुठं पडला?"

हे दाजींच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग दोघं शेजारी शेजारी बसून लेंड्या फोडू लागले.

सोना आली नाही. सापडले तेवढे मणी धुऊन तिनं ओवले. बाकीचे मेंढीबरोबर घाट उतरून कोकणात गेले.

दाजींना जाऊन आता कितीतरी सुग्या झाल्या. तिच्या दारावरून मेंढरं निघाली की सोना हातातलं काम टाकून उंबऱ्यात येते आणि कळप वळणाआड होईपर्यंत तिथंच थांबते. मी असलो की तिच्या शेजारी जाऊन उभा राहतो.